कमी बनल्या म्हणून महाग? नाशिकच्या कॅनडा कॉर्नरच्या कट्ट्यावरचा वाद

पप्याला सॅन स्टॉर्म मिळतीये. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायची ती छोटी दोन सीटची गाडी, टप उघडणारी, फायबरची बॉडी आणि आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साठ हॉर्सपॉवर. पुढं कंपनी थंडावली, गाडी लोक विसरले. आता एक कुठंतरी शेडमध्ये उभीये आणि मालक विकतोय म्हणे, आणि पप्याचं म्हणणं असं की ही गाडी म्हणजे सोनं आहे, भारतात बनलेली स्पोर्ट्स कार, बनल्याच मोजक्या, दहा वर्षांनी हिचे पन्नास लाख कुणी पण देईल. पप्या प्लॉटिंगमधला माणूस, पाथर्डी फाट्याकडं त्याच्या साइट चालतात, त्याला काहीही दाखवा तो आधी दहा वर्षांनंतरचा भाव विचारतो.

बंड्यानं एवढंच विचारलं, "हिची पुढची काच फुटली तर कुठून आणणार?"

तिथून जे सुरू झालं ते रात्री साडेअकरापर्यंत. जागा नेहमीची, कॅनडा कॉर्नरच्या पुढं बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाची पायरी. हजर मंडळी म्हणजे पप्या, बंड्या (अंबड लिंक रोडला गॅरेज), एचएएल ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले काका, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे सर, सेकंड इयरचा सनी आणि मी. मी फारसा बोललो नाही पण लिहायचं काम नेहमी माझ्याकडंच येतं.

पप्याचा मुद्दा सरळ होता. कमी बनली की महाग. त्यानं लगेच फेरारी काढली, २५० जीटीओ, ३६ गाड्या बनल्या १९६२ ते ६४ मध्ये, आणि २०१८ ला कॅलिफोर्नियात लिलावात एक गेली ४ कोटी ८४ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं सव्वातीनशे-साडेतीनशे कोटी. आणि मर्सिडीजची ती ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे, बनल्याच दोन, त्यातली एक कंपनीनं २०२२ मध्ये विकली साडेतेरा कोटी युरोला. "आता बोला," म्हणला. "दोन बनल्या म्हणून अकराशे कोटी. माझ्या स्टॉर्मला पन्नास लाख जास्त आहेत का?"

सर हसले. म्हणाले, "पप्या, तू आकडा मागून वाचतोयस. ती गाडी दोनच बनल्या म्हणून महाग नाहीये, ती सगळ्यांना हवीये आणि दोनच आहेत म्हणून महाग आहे. आपल्या गल्लीतल्या वेल्डरनं एक रिक्षा कापून जीप बनवली होती, ती तर एकच आहे जगात, देतो का कुणी?"

मग सरांनी उलटा पुरावा काढला. जॅग्वार ई-टाइप, १९६१ ला आली, सत्तर हजारांच्या वर बनल्या, तरी सुरुवातीच्या सिरीजची चांगली गाडी आजही मोठ्या पैशांत जाते. डॅटसन २४०झेड घ्या, अमेरिकेत आली तेव्हा साडेतीन हजार डॉलरची गाडी, सामान्य माणसानं घ्यावी म्हणूनच काढलेली, ढिगानं विकली गेली, आणि जानेवारी २०२० मध्ये एक १९७१ ची २४०झेड ऑनलाइन लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. ढीग होता ना? मग भाव कसा आला?

इथं सरांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं. सर निफाडचे, घरी कांदा. म्हणाले, "चाळीत भरलेला उन्हाळ कांदा बघ. भरताना सगळ्यांकडंच असतो, भाव नसतो. दिवाळीपर्यंत निम्मा सडतो, मोड येतात, वजन घटतं, आणि ज्याचा टिकला त्याला पैसे. पण एक अट आहे, त्या वेळी बाजारात कांद्याला गिऱ्हाईक पाहिजे. गिऱ्हाईक नसेल तर टिकलेला पण रस्त्यावर ओतावा लागतो. २४०झेड हजारो होत्या, त्या गंजून गेल्या, ठोकल्या, पोरांनी कापल्या, इंजिन बदलले. जशीच्या तशी, कमी चाललेली, ओरिजिनल रंगाची किती उरली? ती विकली गेली सव्वादोन कोटीला. बाकीच्या नाही गेल्या."

पप्या म्हणला मग माझं पण तेच की, स्टॉर्म टिकलीये. बंड्या म्हणला गिऱ्हाईक कुठाय ते सांग. पप्या म्हणला मी आहे की. यावर काकांनी चहा सांगितला.

काकांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले तुम्ही सगळे बाजाराचं बोलताय, मी यंत्राचं बोलतो, ज्या गाडीला रेसिंगचा इतिहास आहे तिचाच भाव टिकतो, बाकी सगळं वारं. जीटीओच घ्या, रेसिंगच्या नियमात शंभर गाड्या बनवायची अट होती, फेरारीनं सांगितलं की ही वेगळी गाडी नाहीच, आमच्या जुन्या २५० जीटीचंच पुढचं रूप आहे, आणि ३६ बनवून काम भागवलं. गाडी शर्यतीत उतरली, जिंकली. आणि गंमत म्हणजे काही वर्षांनी तीच गाडी फक्त जुनी झालेली रेसची गाडी होती, रेसमध्ये नवीन मॉडेल आलं की जुन्याला कोण विचारतं, साठीच्या दशकाच्या शेवटी त्या सेकंडहँडच्या भावात फिरत होत्या. "म्हणजे," काका म्हणाले, "तेव्हा ज्यानं ठेवली त्यानं गुंतवणूक म्हणून नव्हती ठेवली. वेडा होता म्हणून ठेवली."

पुढं त्यांनी लान्सिया डेल्टा इंटिग्राले काढली. दिसायला साधी चौकोनी हॅचबॅक, आपल्याकडं कुणी वळून बघणार नाही, पण डेल्टानं वर्ल्ड रॅलीचं कंपन्यांचं विजेतेपद १९८७ पासून १९९२ पर्यंत सलग सहा वर्षं नेलं. बीएमडब्ल्यूची पहिली एम३ पण तशीच, रेसमध्ये उतरवायची म्हणून पाच हजार रस्त्यावर विकणं भाग होतं. आणि पोर्शेची १९७३ ची करेरा आरएस २.७, रेसच्या नियमासाठी पाचशे विकायच्या होत्या आणि कंपनीतल्या सेल्सवाल्यांनाच धाकधूक की एवढ्या खपतील का, शेवटी खपल्या दीड हजारांच्या वर. ठरलेल्या आकड्याच्या तिप्पट बनली, तरी जुन्या ९११ मध्ये तिचाच मान मोठा. पप्याच्या कमी-म्हणजे-महागला हा आणखी एक धक्का.

सनी इतका वेळ मोबाईलमध्ये होता, तो एकदम म्हणला, "काका, सुप्रा कुठली रेस जिंकली ओ?"

काका म्हणाले जपानमध्ये धावायची. सनी म्हणला ते ठीक, पण लोकांनी त्यासाठी नाही घेतली. आणि खरंय त्याचं. चौथ्या पिढीची टोयोटा सुप्रा, १९९३ ला आली, तीन लिटर सहा सिलिंडरचं ट्विन टर्बो इंजिन, इतकं मजबूत की आतलं फारसं न उघडता दुप्पट पॉवर काढा तरी फुटत नाही. नवी होती तेव्हा अमेरिकेत तिची किंमत बघून लोक दुसरीकडं जायचे, १९९८ नंतर तिथं विकणंच बंद केलं. मग २००१ ला फास्ट अँड फ्युरियस आला. त्यातली एक सुप्रा २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली. सनी म्हणला ती सोडा, ती पिक्चरची गाडी, पण बिनपिक्चरची, जशीच्या तशी स्टॉक सुप्रा मिळतच नाही कारण प्रत्येकानं पिक्चर बघून आपली कापली, टर्बो बदलला, बंपर लावला, आता न कापलेली सापडली की उड्या पडतात. मार्च २०१९ ला एक १९९४ ची, कमी चाललेली, पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास गेली.

"आणि स्कायलाइन," सनी आता थांबायलाच तयार नव्हता. अमेरिकेत असा नियम आहे म्हणे की बाहेरच्या देशातली गाडी तिकडच्या सेफ्टीच्या नियमात बसत नसेल तर पंचवीस वर्षांची होईपर्यंत आणता येत नाही, १९८८ च्या कायद्यामुळं. आर३४ जीटी-आर जानेवारी १९९९ ला जपानमध्ये आली. म्हणजे २०२४ पर्यंत अमेरिकेतली अख्खी एक पिढी तिला फक्त गेममध्ये चालवत होती आणि तारीख मोजत होती, आणि जपानमधले डीलर पण तीच तारीख मोजत होते. दार उघडायच्या आधीच भाव चढून बसला.

इथं बंड्यानं एक चांगलं बोलून घेतलं, तो एरवी एवढं बोलत नाही. "माझ्याकडं गॅरेजला जे येतात ना जुनी गाडी करून द्या म्हणून, ते सगळे चाळिशी-पन्नाशीतले असतात. आणि जी गाडी करून घेतात ती त्यांच्या बापाकडं नव्हती. शेजाऱ्याकडं होती."

दोन सेकंद कुणी काही बोललं नाही, मग पप्या म्हणला माझ्या बापाकडं लुना होती.

तर आरएक्स १०० वर गाडी आलीच. स्पोर्ट्स कार नाहीये, माहितीये, पण नाशिकमध्ये भाव कसा चढतो हे बघायचं तर दुसरं उदाहरण नाही. १९८५ ते ९६, यामाहा आणि एस्कॉर्ट्सची बाईक, ९८ सीसी, टू-स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर. दुर्मिळ? अजिबात नाही, दर दुसऱ्या वाड्यात होती, दूधवाले वापरायचे. आणि आज धड कागदाची, इंजिन नंबर आरसीला जुळणारी, न कापलेली आरएक्स विचारा, मालक लाखाच्या खाली बोलत नाही, नुसतीच टाकी हवी असली तरी माणूस आधी तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघतो. बंड्या म्हणला की नव्वद टक्के आरएक्स पोरांनीच मारल्या, सायलेन्सर कापला, पोर्टिंग केलं, पिस्टन फोडला, मग दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकलं, आणि आता तीच पोरं मोठी होऊन ओरिजिनल सायलेन्सर शोधत फिरतायत.

राजदूत ३५० चं उलटं. ती १९८३ ला आली, जपानच्या आरडी ३५० ची आपल्याकडची आवृत्ती, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, आणि पेट्रोल इतकं प्यायची की लोकांनी हात जोडले, पार्ट महाग, मेकॅनिक घाबरायचे. धंद्यात आपटली. आणि आज तिच्यासाठी लोक वेडे. म्हणजे आरएक्स खपली म्हणून महाग आणि राजदूत आपटली म्हणून महाग, असं कसं काय, असं पप्यानं विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता.

माझं मत मी इथंच सांगून टाकतो, कट्ट्यावर सांगायला चान्स मिळाला नाही. खपली का आपटली यानं काही ठरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या किती पोरांनी तिच्याकडं तोंड उघडून बघितलं यावर ठरतं. राजदूत ३५० बापांनी घेतली नाही पण पोरांनी बघितली. आवाज ऐकून रस्त्यावर आली पोरं. सॅन स्टॉर्म कुणी बघितलीच नाही. आणि पोरांकडं पैसे यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, म्हणून नवी गाडी आधी पडते, तळाला बसते, सेकंडहँडच्या सेकंडहँडला जाते, आणि मग जी उरते ती चढते. मधल्या काळात जी सांभाळायला परवडत नाही ती मरते.

या शेवटच्यावर बंड्याचं सगळं शास्त्र उभंय. तो म्हणतो गाडी भंगारात का जाते? खराब होते म्हणून नाही. दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा मोठं होतं त्या दिवशी जाते. त्यानं ब्रिटिश एमजीबीचं उदाहरण दिलं, १९६२ ते ८०, पाच लाखांच्या वर बनल्या, आजही भाव आभाळाला नाही लागले पण गाडी मरत पण नाही, कारण सगळं मिळतं, १९८८ पासून तर कोरी करकरीत बॉडी शेलसुद्धा परत बनवायला लागले. याच्या समोर मासेराती बायटर्बो, १९८१ ला आली, नाव मासेराती, आत दोन टर्बो आणि त्यावर कार्ब्युरेटर, गरम झाली की नाटकं. स्वस्तात मिळायची म्हणून लोक घ्यायचे आणि पहिल्या मोठ्या बिलाला सोडून द्यायचे. मित्सुबिशी ३०००जीटी पण तशीच, फोर व्हील ड्राइव्ह, मागची चाकं पण वळणारी, हलणारे स्पॉयलर, त्या काळात जे जे शक्य होतं ते सगळं कोंबलं, वजन वाढलं, आणि आज सुप्राच्या जवळपास पण नाही भाव.

सर म्हणाले, थांब, फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, तरी तिचा भाव वरच आहे. बंड्या म्हणला हो मग, कारण तिथं बिल भरणारा आहे. मोंडिअल ८ पण फेरारीच आहे ना, चार सीटची, १९८० ची, दोनशे चौदा हॉर्सपॉवर, बिल फेरारीचंच येतं आणि गाडी विकायला काढली की लोक तोंड फिरवतात, वर्षानुवर्षं सगळ्यात स्वस्त फेरारी शोधली की तीच निघायची. म्हणजे बिल तेच, गिऱ्हाईक वेगळं.

फेरारीमध्ये पण वर्ण आहेत बघा. डिनो २४६ वर सुरुवातीला फेरारीचा बिल्लासुद्धा नव्हता, व्ही६, म्हणजे सहाच सिलिंडर, म्हणून नाक मुरडायचे, आणि आज ती त्याच काळातल्या मोठ्या व्ही१२ चार-सीटर फेरारींपेक्षा महाग जाते. कारण? दिसते. दोन सीट आहेत, बुटकी आहे, सुंदर आहे. मागं सीट टाकली की भाव पडला हा जवळजवळ नियमच आहे, ई-टाइपमध्ये पण टू प्लस टू वाली खालीच राहते, आणि टप उघडणारी असली की वर. पप्या इथं खूश झाला कारण स्टॉर्मला दोनच सीट आणि टप उघडतो.

काकांना मात्र हे सहन होईना. त्यांची आवडती पोर्शे ९२८. १९७७ ला आली, पुढं व्ही८, पुढच्या वर्षीची युरोपियन कार ऑफ द इयर, आणि कंपनीनं ती काढलीच मुळी ९११ ची जागा घ्यायला. इंजिनिअरिंग म्हणून बघा, काका म्हणाले, ९११ चं इंजिन मागच्या चाकाच्याही मागं लटकतंय, वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर, ही काय रचना झाली का, आणि ९२८ म्हणजे व्यवस्थित विचार करून केलेली गाडी. आणि भाव बघा. नुसत्या हवेवर थंड होणाऱ्या ९११, ज्या १९९८ ला संपल्या, त्या कुठल्या कुठं गेल्या, आणि ९२८ ची काही खास मॉडेल सोडली तर ती अजून तिथंच घोटाळतीये. मला स्वतःला ९२८ फार आवडते, पण काकांचं दुःख मी वाटून घेतलं तरी भाव काही वाढणार नाही. चांगली गाडी आणि महाग होणारी गाडी यांचा संबंध आहे, पण तो काकांना वाटतो तेवढा जवळचा नाही.

९११ मध्ये पण बघा, हवेवर थंड होणारी शेवटची पिढी ९९३, तिच्यानंतर ९९६ आली, पाण्यावर थंड होणारी. चालवायला, वापरायला सोपी. पण हेडलाइट स्वस्तातल्या बॉक्सस्टरसारखेच, आतली एक बेअरिंग फुटून इंजिन जायच्या कहाण्या, आणि भाव बसला तो बसलाच. आता सनीच्या वयाची पोरं तिच्याकडं वळतायत म्हणे, कारण दुसरी कुठली ९११ त्यांना परवडतच नाही.

पिक्चरनं भाव येतो या सनीच्या मुद्द्यावर सरांनी 'बॅक टू द फ्युचर'वाली डिलोरियन टाकली. तिच्याएवढा पिक्चरमधला मान कुठल्या गाडीला नाही, स्टीलची बॉडी, वर उघडणारे दरवाजे, कंपनी बुडाली, सगळा मसाला आहे. तरी भाव चढला तो बेतानं. का? नऊ हजारांच्या आसपास बनल्या आणि त्यातल्या बऱ्याच लोकांनी सांभाळून ठेवल्या, सुटे भाग पण नंतर टेक्सासच्या एका कंपनीनं उचलून ठेवले, आणि चालवायला बसलात की कळतं, १३० हॉर्सपॉवर. सगळ्यांना फोटो काढायचाय, घरी न्यायची कमीच जणांना. पप्या म्हणला मग स्टॉर्मला तर साठच आहेत. बंड्या म्हणला हेच सांगतोय मी मगापासून.

मग कुणाची होती यावर गाडी वळली, आणि अर्थात क्रिकेट आलं. रवी शास्त्रींची ऑडी १००, १९८५ ला मेलबर्नला मिळालेली. स्पोर्ट्स कार नाही, साधी सेदान. पण ती २०२२ मध्ये पूर्ण नीट करून त्यांना परत दिली तेव्हा अख्ख्या देशानं बघितली. आता दुसरी तशीच ऑडी १०० आणा, कोण विचारतंय. सचिनच्या फेरारीची गोष्ट सगळ्यांना माहितीये, ३६० मोडेना, शूमाकरच्या हातून २००२ ला मिळाली, पुढं एक कोटीच्या वरच्या ड्यूटीवरून केवढा गोंधळ झाला, आणि २०११ ला सुरतच्या एका व्यावसायिकानं घेतली. काका म्हणाले ३६० मोडेना तशी फार दुर्मिळ नाही, पण ही एक वेगळी. पप्यानं हळूच विचारलं स्टॉर्म कुण्या हिरोकडं होती का हे कसं बघायचं. सनीनं शोधायला घेतलं, काही सापडलं नाही.

काकांनी या ओघात एक सांगितलं ते लिहायलाच पाहिजे. ओझरला मिगवर काम करताना त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं की मारलेलं भोक बुजवता येतं, पण ते न मारल्यासारखं करता येत नाही. जुन्या गाडीला तेच. २०१५ ला पॅरिसला एक फेरारी विकली, २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, फ्रान्समधल्या एका शेडमध्ये जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याखाली अनेक वर्षं पडलेली. धुळीसकट लिलावात आणली, पुसली पण नाही, आणि गेली १ कोटी ६३ लाख युरोला. आपल्याकडं असती तर मालकानं लिलावाच्या आदल्या दिवशी सिटी सेंटर मॉलजवळ नेऊन फोम वॉश केली असती आणि वर मेटॅलिक लाल मारली असती.

पप्या एवढ्यात कागदावर आला, कारण शेवटी तो धंदेवाला. म्हणला बरं, व्हिंटेज म्हणून पास करून घेऊ. सरांनी समजावलं की केंद्राचा २०२१ चा नियम आहे, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाली पाहिजेत, गाडीत मोठे फेरफार नकोत, मग ती व्हीए वाली नंबर प्लेट, वीस हजार फी, आणि रोज चालवायची पण नाही. स्टॉर्मला त्या रांगेत उभं राहायला २०४८ उजाडेल. तोवर पंधरा वर्षांनंतरचं पेठ रोडला आरटीओत जाणं, फिटनेस, पर्यावरण कर, आणि दर पाच वर्षांनी परत तेच. शेड भाड्यानं. टायर चालले नाही तरी कडक होतात. रबर होज जातात. पेट्रोल टाकीत शिळं होऊन कार्ब्युरेटर, इंजेक्टर काय असेल ते बसतं. "हे सगळं पन्नास लाखातून वजा कर," सर म्हणाले, "आणि त्याच पैशांची एफडी केली असतीस तर काय झालं असतं ते पण मांड."

आणि भाव चढतच जातो असंही नाही. सरांनी १९८८ ची गोष्ट सांगितली, एन्झो फेरारी गेले त्या वर्षी, आणि लोकांनी फेरारी शेअरसारख्या घ्यायला सुरुवात केली. एफ४० चारशेच बनवणार असं म्हणता म्हणता तेराशेच्या वर बनवल्या, आणि नंबर लागलेला माणूस गाडी यायच्या आधीच नंबर विकायचा. १९९० नंतर मंदी आली आणि सगळं खाली. जॅग्वार एक्सजे२२० चं तर रामायणच झालं, शोमध्ये दाखवली व्ही१२ आणि फोर व्हील ड्राइव्ह, लोकांनी पन्नास-पन्नास हजार पौंड भरले, प्रत्यक्षात १९९२ ला आली व्ही६ टर्बो आणि नुसती मागची चाकं फिरवणारी, तोपर्यंत बाजार झोपलेला, मग बुकिंगवाले कोर्टात. तीनशेच्या आतच बनल्या, बघ पप्या, तीनशेच्या आत, जगात सगळ्यात वेगवान म्हणून मिरवलेली, आणि तरी किती तरी वर्षं तिला कुणी वाली नव्हता. आता कुठं वर आलीये.

पप्या गप्प बसेल असं वाटलं होतं. तो म्हणला ठीके, मग तुम्ही सांगा, नाशिकमध्ये आज काय घेऊन ठेवायचं?

यावर कुणाचं एकमत होईना. काका कॉन्टेसा म्हणाले, इसुझूच्या १.८ इंजिनवाली. सनी म्हणला पोलो, २०२२ ला बंद झाली, जीटी टीएसआय धरून ठेवा. सर म्हणाले त्यात इलेक्ट्रॉनिक्स फार, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग, गेला की बंड्याचं बिल बघायचं. मी ऑक्टाव्हिया व्हीआरएस म्हणालो, टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवर, तेव्हा कॉलेज रोडनं एक पिवळी जायची आणि आम्ही क्लास सोडून बाहेर यायचो. सगळ्यांनी मान डोलावली, पण बहुतेक सगळ्यांना ती पिवळी आठवली म्हणून.

मग बंड्या सहज म्हणला, "सिटी व्हीटेक." जुनी होंडा सिटी, २००३ च्या आधीची, १.५ व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवर. एवढ्या हलक्या गाडीत. तिच्या नावानं अजून पोरं उसासे टाकतात, पार्ट बऱ्यापैकी मिळतात, आणि निम्म्या गाड्यांना लोकांनी सीएनजी लावून मारलं, म्हणजे सरांचा कांदा बरोब्बर बसतो. बंड्या म्हणला माझ्याकडंच गॅरेजच्या मागं दोन इंजिनं पडलीत ताडपत्रीखाली, भंगारवाला येऊन वजनाचा भाव करून गेला परवा.

पप्यानं चहा खाली ठेवला. "किती म्हणला तो?"

बंड्या त्याच्याकडं बघत राहिला. "तो काय म्हणला ते सोड. मी आता चाळीस म्हणतो."

"दोन्हीचे?"

"एकाचे."

सर म्हणाले घे पप्या, तुझ्यासमोर भाव चढलाय. पप्या पंचवीसवर आला, बंड्या अडतीसच्या खाली येईना, सनी मध्ये पडून दोन्ही मिळून साठ करा म्हणत होता, आणि झेरॉक्सवाल्या पायरीच्या वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडून विचारलं की तुम्हाला घरं आहेत का नाही.